भांडण अंशावर, घोटाळा छेदात

ऑनलाइन कोर्सच्या नावनोंदणीचे आकडे जाहीर झाले की दोन तट पडायला वेळ लागत नाही. एक बाजू म्हणते, ‘इतक्या हजार जणांनी प्रवेश घेतला, आणखी काय हवे?’ दुसरी बाजू त्याच अहवालाच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवते, ‘पूर्ण किती जणांनी केला ते सांगा. पाच टक्के? म्हणजे सगळा देखावाच.’ मग पहिली बाजू दुसरीला प्रगतीची वैरी ठरवते, दुसरी पहिलीला आकड्यांचे दुकानदार म्हणते, आणि ज्या फायलीवरून एवढा गदारोळ चालला आहे ती उघडून पाहण्याची तसदी कोणीच घेत नाही. माझे म्हणणे असे, की दोघेही एकच चूक करत आहेत. एलएमएसमधला, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवणाऱ्या प्रणालीतला, नावनोंदणीचा अहवाल म्हणजे कोर्समध्ये शिरण्याची परवानगी कोणाला आहे, ती कोणी, कधी आणि कोणत्या वाटेने दिली, याची नोंद. तिच्यातून शिक्षणाचे यश काढता येत नाही, तसे अपयशही काढता येत नाही. पण जे काढता येते ते फार कामाचे असते, आणि या भांडणात नेमके तेच वाया जाते.

माझा दिवसातला बराच वेळ अशा फायलींतच जातो, म्हणून एक ओळ जरा जवळून दाखवतो. मूडलसारख्या प्रणालीतून नोंदणीची पद्धत दाखवणारा सविस्तर अहवाल काढला, की एखाद्या नावापुढे असे दिसते: भूमिका ‘विद्यार्थी’, पद्धत ‘कोहॉर्ट सिंक’, स्थिती ‘सक्रिय’, कोर्समधला शेवटचा प्रवेश ‘कधीच नाही’. सक्रिय आणि कधीच नाही, हे दोन शब्द एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेले असतात. नवख्या माणसाला वाटते, सिस्टिम गंडली. गंडलेले काहीच नसते. ‘सक्रिय’ म्हणजे या माणसाचा परवाना चालू आहे, मुदत संपलेली नाही, कोणी तो गोठवलेला नाही, एवढेच. ‘कोहॉर्ट सिंक’ म्हणजे कोणीतरी एक अख्खा गट एका झटक्यात कोर्सला जोडून दिला आणि त्यात हेही नाव आले. त्या माणसाने कोर्स निवडलेला नाही, कदाचित आपण त्यात आहोत याचा त्याला पत्ताही नाही. याच यादीत खाली एखादे नाव ‘स्वयंनोंदणी’ पद्धतीने आलेले असते. त्या माणसाने कोर्स शोधला, माहिती वाचली, बटण दाबले. बेरजेच्या आकड्यात मात्र दोघांची किंमत सारखीच, एक आणि एक दोन. सभेत ‘दोन जणांनी प्रवेश घेतला’ असे वाक्य उच्चारले जाते तेव्हा त्यातले निम्मे खरे असते.

घोळ इथे संपत नाही. मूडलमध्ये एकाच माणसाची एकाच कोर्सला दोन वाटांनी नोंदणी होऊ शकते: आधी त्याने स्वतः केली, नंतर गटाबरोबरही झाली. सहभागींच्या पानावर त्याचे नाव एकदाच दिसते, पण नोंदणींची यादी काढून ओळी मोजल्या तर तो दोनदा मोजला जातो. सहभागींच्या पानावर शिक्षक, सहशिक्षक, कोर्स तपासायला घेतलेली खोटी खाती असे सगळेच असतात. भूमिकेचा फिल्टर न लावता एकूण आकडा उचलला की हे सगळे विद्यार्थी होतात. कॅनव्हास या दुसऱ्या एलएमएसची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे सीएसव्ही फायलीतून किंवा एपीआयमधून (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून थेट माहिती घेण्याच्या सोयीतून) नोंदणीची माहिती घेतली, तर स्थितीच्या रकान्यात ‘कम्प्लीटेड’ असे मूल्य येते. त्याचा अर्थ, ती नोंदणी समाप्त झाली. सत्र संपले, किंवा कोणी ती बंद केली. विद्यार्थ्याने कोर्स पूर्ण केला की पहिल्याच आठवड्यात सोडून दिला, याबद्दल तो रकाना अवाक्षर बोलत नाही. हा शब्द पाहून ‘आमच्याकडे सत्राअखेर सगळ्यांनी कोर्स पूर्ण केला’ असा तक्ता कोणी बनवला, तर तो खोटे बोलतो आहे असे मी म्हणणार नाही. न वाचता मोजतो आहे, असे मात्र म्हणेन.

आता टीकाकारांच्या आवडत्या आकड्याकडे येऊ. २०१२ च्या वसंत सत्रात एमआयटीने सर्किट्स अँड इलेक्ट्रॉनिक्स हा कोर्स जगासाठी फुकट खुला केला. नोंदणी झाली १,५४,७६३ जणांची. प्रमाणपत्र मिळाले ७,१५७ जणांना. भागाकार केला की ४.६ टक्के येतात, आणि गेली कित्येक वर्षे हा आणि असेच आकडे ‘ऑनलाइन शिक्षण फसले’ याचा पुरावा म्हणून फिरवले जातात. पण याच कोर्सचे मधले आकडेही तेव्हाच प्रसिद्ध झाले होते. पहिला प्रश्नसंच उघडून तरी पाहिला अशांची संख्या ६९,२२१. त्यात निदान एक गुण मिळवला अशांची २६,३४९. आता तेच ७,१५७ या दोन आकड्यांनी भागून पाहा. पहिल्याने भागले तर दहा टक्क्यांच्या किंचित वर, दुसऱ्याने भागले तर सत्तावीस. कोर्स तोच, शिक्षक तेच, प्रमाणपत्रेही तेवढीच. बदलला तो फक्त छेद. यातली खरी टक्केवारी कोणती? तिन्ही खऱ्या आहेत, कारण तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. दारावरून जाताना नाव लिहून गेलेल्यांपैकी किती टिकले, आत डोकावलेल्यांपैकी किती टिकले, आणि पेन हातात घेतलेल्यांपैकी किती टिकले. प्रश्न न सांगता नुसते उत्तर ओरडायचे ठरवले, तर ज्याला जे सोयीचे ते त्याने ओरडावे.

छेदावरून झालेले हे पहिलेच भांडण नव्हे. १८६३ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांवरील पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांच्या आकडेमोडीवर आधारलेला एक तक्ता आला. लंडनमधल्या २४ रुग्णालयांचा मृत्युदर त्यात ९०.८४ टक्के दिला होता. वाचणाऱ्याला वाटावे, दहा रुग्ण आत गेले तर नऊ प्रेते बाहेर येत होती. प्रत्यक्षात वर्षभरातल्या मृत्यूंना भागले होते एका विशिष्ट दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांच्या संख्येने. वर्षभरात त्या खाटांवर कितीतरी रुग्ण येऊन बरे होऊन गेले होते. ते छेदात नव्हतेच. वैद्यकीय नियतकालिकांतून या तक्त्यावर सडकून टीका झाली आणि ती रास्तच होती. गंमत अशी, की रुग्णालयांची स्वच्छता वाईट आहे हा नाइटिंगेल यांचा मूळ मुद्दा काही खोटा नव्हता. चुकीच्या छेदाने त्यांच्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत दिले, एवढे झाले. ऑनलाइन कोर्सवर टीका करणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवायला हरकत नाही. त्यांची तक्रार बऱ्याचदा खरी असते, पण चार-पाच टक्क्यांचा तो झेंडा त्यांनी नाचवला की समोरचा छेद दाखवून त्यांना गप्प करतो आणि खरी तक्रार तशीच राहते.

व्यवस्थापनाच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात तथ्य नाही, असे मात्र कोणी समजू नये. नोंदणीचा आकडा आपोआप मिळतो, फुकट मिळतो, आणि सर्वांचा मिळतो. कोणाला प्रश्नावली भरायला लावावी लागत नाही. प्रश्नावली भरतात ते मुळातच उत्साही असतात, त्यामुळे तिची उत्तरे नेहमी गोड असतात. किती शिक्षक लागतील, किती गट पाडायचे, परीक्षेच्या दिवशी सर्व्हर किती भार सोसेल, सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे पैसे किती भरायचे, हे सगळे या आकड्यावरच ठरते आणि त्यावरच ठरायला हवे. ज्या प्रशासनाला आपल्या पटावर किती नावे आहेत हे सांगता येत नाही, त्याला पुढचे काहीच सांगता येणार नाही. नोंदणी वाढली याचा अर्थ कोर्सची कुणाला तरी गरज वाटली, निदान त्याबद्दल कुतूहल तरी वाटले, हेही मान्य; पण फक्त स्वयंनोंदणीच्या बाबतीत. गटाने जोडलेल्या नावांवरून गरज मोजणे म्हणजे आपणच टाकलेल्या पत्रांची संख्या मोजून आपण किती लोकप्रिय आहोत हे ठरवणे. वाचनालयाच्या सभासदांची वही चांगली ठेवलीच पाहिजे. पण ती दाखवून गावात वाचन वाढले असे कोणी म्हणाला, तर ग्रंथपालसुद्धा हसेल. इथे हसू येत नाही, कारण इथे वही डॅशबोर्डवर आहे आणि तिच्यावर रंगीत आलेख चढवलेला आहे.

त्याहून चिंतेची बाब म्हणजे हा छेद हलवता येतो. मूडलच्या स्वयंनोंदणीत एक सेटिंग असते: अमुक दिवस कोर्सला न फिरकलेल्यांची नोंदणी आपोआप काढून टाका. हेतू चांगला आहे, पट साफ राहतो. पण त्याचा परिणाम पाहा. समजा, ४०० जणांनी नोंदणी केली, १२० जणांनी कोर्स पूर्ण केला. पूर्ततेचे प्रमाण ३० टक्के. त्यातले १५० जण दारातूनच परतले होते; सेटिंगने त्यांची नावे काढली. आता छेद उरला २५० आणि प्रमाण झाले ४८ टक्के. एकाही माणसाने एक पानही जास्त वाचलेले नाही. पुढच्या बैठकीत ‘पूर्ततेच्या प्रमाणात अठरा टक्क्यांची झेप’ असे म्हणणारा कोणी तरी भेटतोच, आणि त्याला स्वतःला ते खरे वाटत असते. नाव काढण्याऐवजी नोंदणी नुसती गोठवली, म्हणजे ‘निलंबित’ केली, तर ओळ राहते आणि नंतर हिशेब मांडता येतो. पण निलंबितांना मोजायचे की नाही हे पुन्हा अहवाल काढणाराच ठरवतो, आणि त्याने काय ठरवले ते तक्त्याखाली कुठेच लिहिलेले नसते. अहवाल काढण्याची तारीख तरी लिहावी की नाही? तीही नसते. सत्राच्या तिसऱ्या दिवशी काढलेला पट आणि तिसऱ्या महिन्यात काढलेला पट ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत, एकाच कोर्सची असली तरी.

तारखेवरून आणखी एक गंमत होते. ‘या महिन्यातली नोंदणी’ आणि ‘या महिन्यातली पूर्तता’ असे दोन रकाने शेजारी मांडले, की कधीकधी पूर्तता नोंदणीपेक्षा जास्त भरते आणि प्रमाण शंभराच्या वर जाते. कारण सरळ आहे: या महिन्यात पूर्ण करणारे बरेच जण आधीच्या महिन्यांत आलेले असतात. शालेय शिक्षणाच्या आकडेवारीत स्थूल नोंदणी प्रमाण शंभराच्या पुढे जाते तेव्हाही असेच काहीसे घडते. अंशात सर्व वयांची मुले धरलेली असतात आणि छेदात फक्त ठरलेल्या वयोगटातली. जाणकारांना हे ठाऊक असते, म्हणून तिथे निव्वळ प्रमाण वेगळे काढण्याची रीत पडली. एलएमएसच्या अहवालांना अजून तशी रीत लागलेली नाही. एकाच वेळी आलेल्यांची तुकडी धरून ती कुठवर पोचली ते पाहणे, एवढा साधा नियम पाळला तरी हे शंभरापुढचे चमत्कार थांबतील.

आता टीकाकारांच्या सर्वात बळकट मुद्द्याकडे. ते म्हणतात, छेदाची ही सगळी चर्चा म्हणजे पळवाट आहे. कोणी आलाच नाही की तुम्ही म्हणता, ‘त्याचा पूर्ण करण्याचा विचारच नव्हता’. मध्येच सोडला की म्हणता, ‘त्याला हवे तेवढे मिळाले’. अशाने कोणताच कोर्स कधी वाईट ठरणार नाही. हा आक्षेप मला पटतो, आणि संस्थांच्या बाजूने बोलणारे त्याला टाळतात हे मला खटकते. हार्वर्ड आणि एमआयटीच्या पहिल्या वर्षातल्या १७ खुल्या कोर्सचा जो अहवाल २०१४ च्या जानेवारीत निघाला, त्यात ८,४१,६८७ नोंदण्या होत्या. त्यातल्या २,९२,८५२ नोंदण्यांमागचे लोक कोर्सच्या आत कधी गेलेच नाहीत. ४,६९,७०२ जणांनी निम्म्याहून कमी कोर्स पाहिला. ४३,१९६ जणांना प्रमाणपत्र मिळाले. आणि ३५,९३७ जण असे होते, की ज्यांनी निम्मा किंवा त्याहून जास्त कोर्स धुंडाळला पण प्रमाणपत्र घेतले नाही. हा शेवटचा आकडा संस्थांच्या बाजूचे लोक मोठ्या अभिमानाने दाखवतात, आणि तो दाखवण्यासारखा आहेही. प्रमाणपत्र घेणाऱ्यांच्या जवळजवळ बरोबरीने असे लोक होते, की ज्यांना फक्त शिकायचे होते किंवा ज्यांची वाटेत दमछाक झाली. या दोघांतला फरक मात्र अहवालाला कळत नाही. मग विचारून पाहिले तर? ऑनलाइन शिक्षणाचे अभ्यासक जस्टिन राइख यांनी हार्वर्डच्या ९ कोर्सच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांनी सांगितलेला हेतू आणि शेवटचा निकाल यांची सांगड घातली. कोर्स पूर्ण करायचाच असे म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांनी प्रमाणपत्र मिळवले. नुसते चाळून पाहणार असे म्हणणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांनी. म्हणजे हेतूचा फरक खरोखर मोठा आहे, ही संस्थांची बाजू खरी ठरली. पण ठरवून आलेल्या पाचांपैकी जवळजवळ चार जण वाटेत राहिले, ही टीकाकारांची बाजूही खरीच ठरली. एवढे झाल्यावर भांडण संपून ‘हे चार कुठे अडले’ हा प्रश्न सुरू व्हायला हवा होता. तो क्वचितच होतो.

टीकाकार मात्र या मुद्द्यावरून एक भलताच उपाय सुचवतात आणि तिथे माझे त्यांच्याशी बिनसते. ते म्हणतात, नोंदणी मोजू नका, पूर्तता मोजा. संस्थांना, शिक्षकांना पूर्ततेच्या टक्क्यांवर तोला. कानाला बरे वाटते. पण पूर्तता म्हणजे काय, हे तरी कोठे ठरलेले आहे? नोकरीतल्या सक्तीच्या प्रशिक्षणांत पूर्ततेचे प्रमाण शंभराला टेकलेले असते. तिथे कोणी म्हणतो का, की शिक्षण यशस्वी झाले? ऑनलाइन धडा आणि एलएमएस यांनी एकमेकांशी कसे बोलायचे हे ठरवणारे स्कॉर्म नावाचे एक मानक आहे; त्याच्या १.२ या जुन्या पण अजून सर्रास वापरल्या जाणाऱ्या आवृत्तीत धड्याच्या स्थितीसाठी एकच रकाना आहे. त्यात ‘पूर्ण’, ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’, ‘अपूर्ण’, ‘चाळला’, ‘उघडला नाही’ यांपैकी एकच काही तरी लिहिता येते. म्हणजे माणसाने धडा शेवटपर्यंत पाहिला आणि चाचणीत नापास झाला, या दोन गोष्टी एकत्र सांगण्याची सोयच नाही. धडा बनवणाऱ्याने जे निवडले तेवढेच अहवालात उतरते. २००४ च्या आवृत्तीत पूर्ण होणे आणि उत्तीर्ण होणे हे दोन रकाने वेगळे केले, ते उगीच नाही. तरीही कित्येक धडे असे बनवलेले असतात, की ‘पुढे’चे बटण दाबत शेवटच्या स्लाइडवर पोचले की पूर्तता पडते. लोकांना ते बरोबर कळते. ज्यावर तोलले जाणार ते माणूस आधी शिकून घेतो, धडा नंतर.

इंग्लंडने हा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी करून पाहिला आहे. १८६२ मध्ये तिथले शिक्षण खाते सांभाळणारे रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने शाळांच्या अनुदानाचा नवा नियम आला: सरासरी हजेरीवर मुलामागे ४ शिलिंग, आणि निरीक्षकासमोर वाचन, लेखन, गणित या तिन्हींत पास होणाऱ्या मुलामागे आणखी ८, प्रत्येक नापास विषयाला त्यातून कपात. म्हणजे हजेरी आणि पूर्तता, दोन्ही मोजली आणि दोन्हींवर पैसे लावले. आजच्या कोणत्याही डॅशबोर्डने मान डोलवावी असा हिशेब. झाले काय? वाचनाचे पुस्तक मुलांना तोंडपाठ करून घेतले जाऊ लागले, म्हणजे निरीक्षकाने कोणतेही पान उघडावे आणि मुलाने घडाघडा म्हणून दाखवावे. ज्या विषयांवर पैसे नव्हते ते मागे पडले. शाळांचे निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी या यांत्रिकपणावर वर्षानुवर्षे टीका केली. ही पद्धत मोडीत निघायला १८९० चे दशक उजाडावे लागले. तेव्हा मोजणारे लबाड होते असे नाही. उलट लो यांना पैसा वाया जाऊ नये याची खरीखुरी कळकळ होती. पण नोंद ठेवणे आणि नोंदीवर बक्षीस लावणे यांतला फरक त्यांनी मोडून टाकला, आणि त्या दिवसापासून नोंदच भरवशाची राहिली नाही. आज कोणी नोंदणीच्या आकड्यावर शिक्षकाचे मूल्यमापन करू पाहतो, कोणी पूर्ततेच्या. दोघांनाही माझे उत्तर एकच, की तुम्ही अहवाल वापरत नाही आहात, तो बिघडवत आहात.

‘पण वरच्या साहेबांना एकच आकडा लागतो हो. पानभर टिपा कोण वाचणार?’ अहवाल तयार करणाऱ्यांकडून हे नेहमी ऐकू येते, आणि त्यांच्या अडचणीबद्दल मला सहानुभूती आहे. सभेत पाच मिनिटे मिळतात, त्यात कोहॉर्ट सिंक समजावत बसता येत नाही. पण एकाऐवजी चार आकडे द्यायला काय हरकत आहे? किती जणांना परवानगी दिली, त्यातले किती निदान एकदा आत आले, त्यातल्या कितींनी काही करून दाखवले, आणि किती शेवटाला पोचले. एका ओळीत मावते. खाली बारीक अक्षरात अहवालाची तारीख, निलंबित धरले की नाही, आणि स्वतः आलेले किती व जोडलेले किती. याने सभा लांबत नाही. फक्त एवढे होते, की पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातली दरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते. आणि खरे सांगायचे तर एकच आकडा हवा असण्यामागे वेळेची टंचाई हे कारण थोडे आणि ती दरी झाकायची सोय हे कारण जास्त, असा माझा अनुभव आहे.

त्या दरीतच या अहवालाची खरी कमाई आहे. ‘कधीच नाही’ असे लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि पद्धतीच्या रकान्याने लावून पाहा. सगळ्या एकाच गटातल्या निघाल्या तर बहुधा त्या गटाला कोर्सची सूचनाच गेलेली नाही, किंवा गटात जुन्या, बंद पडलेल्या ईमेलची खाती भरली आहेत. विखुरलेल्या निघाल्या तर संकेतस्थळावरचा शेवटचा प्रवेश बघा, कारण मूडल कोर्समधला प्रवेश आणि संकेतस्थळावरचा प्रवेश वेगवेगळा नोंदवते. कोर्समध्ये कधीच नाही पण संकेतस्थळावर कालच, असे असेल तर माणूस दारापर्यंत आला आहे आणि त्याला खोली सापडत नाही. कोर्स लपवलेला राहिला असेल, सुरुवातीची तारीख पुढची पडली असेल. दोन्हीकडे कधीच नाही, तर पासवर्डपासून सुरुवात करायला हवी. शिकवण्याच्या दर्जावर एकही वाद न घालता यातली बरीचशी माणसे आत आणता येतात. यश-अपयशाच्या घोषणांनी हे काम कधी झालेले मी पाहिलेले नाही.

शेवटचा एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. अहवाल असा खोलात वाचायचा म्हटले की पाळत सुरू होते. आज शेवटचा प्रवेश, उद्या प्रत्येक क्लिक, परवा किती मिनिटे पडद्यासमोर बसला याचा हिशेब. ही भीती पोकळ नाही. एलएमएसच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रत्येक हालचालीच्या आपोआप ठेवलेल्या नोंदीत, हे सगळे खरोखर साठत असते, आणि ‘कोर्सवर घालवलेला वेळ’ हा रकाना तर दिशाभूल करण्यात सर्वांवर ताण आहे, कारण खिडकी उघडी टाकून माणूस झोपला तरी तो वाढू शकतो. म्हणूनच मी नोंदणीच्या अहवालाची बाजू घेतो आहे, लॉगची नाही. वर सांगितलेल्या कामाला क्लिक लागत नाहीत. पद्धत, स्थिती, शेवटच्या प्रवेशाची तारीख एवढ्या तीन रकान्यांत ते भागते. त्यातही नावानिशी यादी फक्त त्या कोर्सच्या शिक्षकाला दिसावी. त्याच्या वर नुसते आकडे जावेत. आज बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट चालते. व्यवस्थापनाच्या पडद्यावर सगळ्यांची नावे असतात आणि शिक्षकाला सत्र संपल्यावर एक टक्केवारी कळवली जाते, तीही बहुधा जाब विचारण्यासाठी. ती यादी शिक्षकाच्या हाती दुसऱ्या आठवड्यात पडली असती, तर न आलेल्यांना त्याने निदान फोन करून विचारले असते, काय अडले म्हणून.